पाण्याचा हात

आपा,

तुझ्या घरी तीन दिवस चूल पेटली न्हाई, तरी दारात आलेलं एक माणूस उपाशी गेलं न्हाई. सगळ्या मोहल्ल्यातून डबे येऊन राह्यले होते. कुणाकडून खिचडी, कुणाकडून दाळ-चावल, अन् तुझ्या माहेरून, हसनाबादहून, एवढं मोठं पातेलं आल्तं की तुझ्या लेकाला, सलीमला, ते रिक्षातून एकट्याला उतरवता येईना. आतल्या खोलीत बाया एकमेकींना आग्रह करत होत्या, "दो निवाले तो खालो बाई." मला बी म्हणाल्या. पण कशा म्हणाल्या सांगू? पाहुणीला म्हणतात तशा. भेटायला आलेल्या परक्या बाईला म्हणतात तशा. मी म्हणलं, मी जेवून आले. धडधडीत खोटं बोलले अन् चप्पल शोधायच्या निमित्तानं बाहेर आले.

आमच्यात ज्याच्या घरचं माणूस जातं त्याला सोयरे-शेजारी कडू घास देतात. तुमच्यात बी रीत तीच. दुखवट्यातल्या माणसानं स्वतः रांधायचं न्हाई, दुसऱ्यानं रांधून आणायचं अन् समोर बसून खाऊ घालायचं. आता तूच सांग, माझ्या दारात कडू घास घेऊन कोण येणार? मी तुझी कोण? बहीण न्हाई, जाऊ न्हाई, विहीण न्हाई. तू मोहल्ल्यातली, मी भीमनगरातली. एका गाड्यावर आपण दोघी उभ्या राह्यलो, एवढंच नातं. गाड्यावरची जोडीदारीण मेली म्हणून कुणाला कडू घास दिलेला मी तरी ऐकला न्हाई. माझी सून प्रज्ञा ताट वाढून बसती माझ्यासमोर, पण ती घरची. घरच्यानं वाढलेला तो कडू घास न्हाई, ते रोजचं जेवण. रोजचं जेवण मला जाईना.

तू म्हणशील, झाली शांता सुरू. हो, झाली! तूच म्हणायचीस ना, "जिसने तेरा नाम शांता रखा, उसकू एक बार मेरे सामने खडा कर." आता ऐकून घे. आता मधी बोलायची सोय न्हाई तुला.

आपलं भांडण कुठं सुरू झालं ते तुला आठवत असंल. नवीन जालन्यातला तो बंगला. बियाण्याच्या कंपनीनं बाहेरून येणाऱ्या साहेब लोकांसाठी भाड्यानं घेतल्ता, तू स्वयंपाकाला अन् मी धुण्या-भांड्याला. पहिले काही दिवस मी तुला "तुम्ही" म्हणत होते. मंग तू माझी घासलेली कढई परत घासायला टाकलीस, माझा पारा चढला अन् "तू स्वतःला समजतीस कोण" असं तोंडातून गेलं. तेव्हापासून तू "तू" झालीस ती झालीसच.

त्या बंगल्यात मार्ता आली. अमेरिकेचे दोन मोठे तुकडे आहेत ना नकाशात, त्यांच्या मधी एक चिंचोळी पट्टी आहे, त्या पट्टीतला होंडुरास म्हणून देश. तिथली ही बाई, माझ्याच वयाची, रंगानं बी आपल्यासारखीच. मक्याच्या बियाण्यातली जाणकार. दिवस उगवायच्या आत पायात बूट घालून जीपमधी बसायची अन् कुंभार पिंपळगावकडच्या प्लॉटवर जायची. तिथं बाया मक्याचे तुरे उपटायच्या, ही ओळीओळीनं फिरून बघायची. तिला मराठी येत नव्हती, आपल्याला तिची भाषा येत नव्हती. तू तिच्याशी हिंदीत बोलायचीस, मी मराठीत, ती तिच्या बोलीत. तिघींचं बराबर चालायचं.

मंग एका सकाळी तिला फोन आला अन् ती बूट घातलेली तशीच मागच्या पायरीवर बसली. जीपवाला हॉर्न वाजवून राह्यला, ही उठेना. ऑफिसातल्या माणसानं सांगितलं तेव्हा कळलं, तिकडं तिची आई गेली. तिला निघता बी येईना. विमानं बदलत बदलत पोचेपर्यंत मातीही होऊन गेली असती, अन् इकडं ऐन तुरे फुटायचे दिवस. चार दिवस नजर हटली, तुरे उपटायचे राह्यले, की सगळं बियाणं भेसळ. ती तिथंच पायरीवर बसून राह्यली.

मी सहज म्हणलं, "बिचारीला कडू घास द्यायला बी कुणी न्हाई इथं." तू पीठ मळत होतीस. तुझा हात थांबला. म्हणालीस, "कायकू न्हाई? हम क्या मर गये?"

तू तिला खिचडी नेऊन दिलीस. तिनं घास उचलला, परत ठेवला. दुपारी वरण-भात नेलास, तेच. मला वाटलं, आता ही बाई सोडून देईल. पण तू पदराला हात पुसलेस अन् म्हणालीस, "पराये का खाना इस वक्त गले से न्हाई उतरता. इसकी माँ क्या पकाती थी, पूछ शांते."

"कशी पुसू? मला काय त्यांची भाषा येती?"

"हाथ से पूछ. हाथ की भाषा सबकी एक."

मंग तूच तिच्यासमोर पायरीवर उकिडवी बसलीस. "माँ," म्हणालीस. ते तिला कळलं. जगात सगळीकडं तो शब्द बहुतेक सारखाच असावा. मंग तू तोंडाशी हात नेलास, चूल दाखवलीस अन् दोन्ही हात पसरून विचारलंस, काय? मार्तानं दोन्ही तळहातांच्या मधी काहीतरी थापल्यासारखं केलं, टप टप टप. वाटोळं. मंग ते तेलात सोडल्यासारखं केलं. मंग त्याच्यावर काहीतरी माखलं, चिमटीनं काहीतरी पांढरं भुरभुरलं. अन् मंग फाटकाबाहेरच्या रस्त्याकडं बोट करून फेरीवाल्यासारखी हाळी दिली. त्या हाळीच्या मधेच तिचा आवाज फाटला अन् ती रडायला लागली. तिची आई रस्त्यावर बसून हे विकायची, एवढं आपल्याला कळलं. खोलीत जाऊन तिनं एक कणीस आणलं अन् तुझ्या हातात दिलं.

मी म्हणलं, "अगं बाई, ही तर कोंबड्याचं खाणं मागून राह्यली."

खोटं कशाला बोलू, आपल्याकडं मका म्हणजे कोंबड्याला, जनावराला, न्हाई तर पावसात भाजून खायला. मक्याची भाकर कुणाच्या हाताला धड उतरती? तू गिरणीवरून पीठ आणलंस, थापलंस, तिचे चार तुकडे झाले. परत थापलंस, सहा झाले. मार्ता मान हलवत उभी. मंग ती इकडंतिकडं शोधायला लागली. डबे उघडले, मीठ चाखलं, साखर चाखली, अन् शेवटी भिंतीपाशी गेली, बोटानं भिंतीचा पांढरा रंग खरवडला अन् तो आपल्याला दाखवायला लागली. "शोकानं डोक्यात गेलं हिच्या," मी म्हणलं. तू बी घाबरलीस, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटलीस. मला तर तंबाखूशिवाय सुचेना. मी कमरेची पिशवी काढली, चुन्याची डबी उघडली, अन् त्या बाईनं झडप घालून ती डबी माझ्या हातातून घेतली! जिभेला लावून बघितला अन् मला मिठी मारली. माझ्या तंबाखूला तू जन्मभर नावं ठेवलीस आपा. पण हे ध्यानात ठेव, त्या दिवशी कामाला आली ती माझीच डबी.

तिनं अख्खा मका चुन्याच्या पाण्यात शिजवायला लावला. उकळी आली अन् सगळ्या बंगल्यात असा वास सुटला की सांगता येत न्हाई. ओल्या भिंतीचा, उन्हात तापलेल्या मातीचा अन् शिजलेल्या धान्याचा, सगळा एकत्र. आपण दोघी पातेल्यात डोकावून बघत होतो. पांढरट दाणे पिवळेधमक झाले. रात्रभर ते तसंच ठेवलं. सकाळी मार्तानं पाण्यात हात घालून दाणे चोळले तर वरची सालं आपोआप सुटून तरंगायला लागली. एवढ्या कडक दाण्यानं मुकाट्यानं अंगरखा काढून ठेवला! जन्मभर मी मका बघत आले. वावरात बघितला, पोत्यात बघितला, गव्हाणीत बघितला. त्या सकाळी कळलं की मी त्याला ओळखतच नव्हते. तू पाण्यात हात बुडवून नुसती बसलीस. "सुभानअल्लाह," म्हणालीस. परत म्हणालीस. तिसऱ्यांदा म्हणालीस तेव्हा मी म्हणलं, बस कर, पाटा धुवून ठेवलाय.

वाटलेल्या मक्याचा गोळा तुझ्या हातात आला अन् शहाण्या लेकरासारखा गप बसला. काल ज्याचे सहा तुकडे झाल्ते तेच हे धान्य. तू थापलंस, कड फाटली न्हाई. तू माझ्याकडं बघितलंस, तेव्हाचं तुझं तोंड मला आज बी दिसतं. कुणी अनोळखी पाहुणा दाराशी यावा अन् आपलं नाव घेऊन हाक मारावी, तसं तुझं तोंड झाल्तं.

अन् इथं तू तो उद्योग केलास. थापलेली चकती तव्यावर टाकली अन् पाण्याच्या वाटीत हात बुडवून वरून फिरवलास. ज्वारीच्या भाकरीला फिरवतात तसा. चार बोटं, कडेकडेनं, मंग मधी. अन् उरलेलं पाणी बोटांनी झटकलंस, ते चुलीच्या कडेला चर्र झालं अन् दोन थेंब माझ्या पायावर आले. मार्ता "नो, नो" करायला लागली. तिनं पाण्याची वाटी बाजूला सरकवली. तिच्या आईच्या रीतीत पाण्याचा हात नव्हता, एवढं आंधळ्याला बी कळलं असतं. तू मान हलवलीस, हौ हौ म्हणालीस. दुसरी चकती तव्यावर टाकलीस अन् वाटी परत जवळ ओढलीस. तिनं सरकवली, तू ओढलीस. तिनं सरकवली, तू ओढलीस. अन् आई गेलेली ती बाई त्या वाटीकडं बघून खुदकन हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा हसली. मंग तिनं वाटीचा नाद सोडला.

तळल्यावर, जिथं जिथं तुझा पाण्याचा हात फिरला तिथं तिथं त्या चकतीला फोड आले. वर घोटलेला राजमा माखला, खारवलेलं पनीर चुरून टाकलं. ताट घेऊन आपण दोघी पायरीवर गेलो. मार्तानं मोडून एक तुकडा तोंडात घातला. तू तिच्यासमोर उकिडवी बसलीस अन् हातानं विचारलंस, "बराबर?"

ती काहीच बोलली न्हाई. ना हो, ना न्हाई. खाल्लं मात्र सगळं, ताटातला चुरा बी बोटानं टिपून खाल्ला, अन् तुझा हात घेऊन आपल्या कपाळाला लावून बसली. डोळ्यातून धारा.

तिथंच तुझ्या जिवाला लागलेला तो प्रश्न सुरू झाला. मार्ता हंगाम संपवून गेली, बंगला कंपनीनं सोडला, आपलं दोघींचं काम गेलं अन् तू स्टेशन रोडला गाडा लावायचा ठरवलास. काय विकायचं म्हणून मी विचारलं बी न्हाई, मला माहीत होतं. लोकांनी त्याला नाव ठेवलं "आपाची कडक". ऑफिसातली पोरं, रिक्षावाले, मोंढ्यातले हमाल, सगळे खायला लागले. गिऱ्हाईक बोटं चाटायचं, पण तुझं समाधान व्हायचं न्हाई. रोज पहिली कडक तळली की तिचा तुकडा माझ्या तोंडाशी धरायचीस, "शांते, बराबर हुई क्या?" अन् मी रोज तेच म्हणायचे, "पाण्याचा हात फिरवू नको, मंग बराबर होईल. तिनं वाटी सरकवली व्हती." तू म्हणायचीस, "उसने वाटी सरकाई, मेरा हाथ न्हाई सरकाया." काय हे उत्तर! वकील व्हायची ती तू चुलीपाशी आलीस.

मी म्हणायचे, कडकला फोड येतात ते तुझ्या पाण्यानं, तिच्या आईची सपाट असणार. तू म्हणायचीस, "पानी न्हाई फिराया तो रोटी प्यासी मरती." मी म्हणायचे, ती मक्याची आहे, ज्वारीची न्हाई. तू म्हणायचीस, "हाथ तो ज्वारी का है." एकदा तर मी हट्टानं वेगळी थप्पी लावली, बिनपाण्याची. एक रिक्षावाला दोन्ही खाऊन बसला. आपण दोघी कंबरेवर हात ठेवून त्याच्या तोंडाकडं बघून राह्यलो. तो म्हणाला, "मावशी, भांडण मिटेपर्यंत रोज दोन्ही द्या." मेला चांगलाच चलाख निघाला.

अन् तो बाबा आठवतो का, ज्यानं वरून शेव अन् गोड चटणी मागितली? तू झारा त्याच्याकडं रोखून म्हणालीस, "भेळ खानी तो चौक में जा. ये मय्यत का खाना है." तो घास हातात धरून तसाच उभा राह्यला. मी तुला कोपरानं ढोसलं, अगं धंद्याच्या जागी हे काय बोलतीस! तू म्हणालीस, "झूट बोली क्या? इसका जनम ही कडवे घास से हुआ." गिऱ्हाईक पळालं ते पळालंच. पण तुझं खरं होतं. आपण तेवढी वर्षं तेच वाटत होतो. एका परक्या आईचा कडू घास, जालन्याच्या रस्त्यावर, चालत्या माणसांना.

मार्ताची खुशाली ईदला यायची. प्रज्ञाच्या फोनवर फोटो यायचे, तू बघून घ्यायचीस, दुवा द्यायचीस. मी कितीदा म्हणलं, विचारून टाक ना एकदाचं. पाण्याचा हात चालतो का न्हाई, तुझी कडक तिच्या आईसारखी होती का न्हाई. एका मेसेजचं काम. तू मला दटावलंस. "वो भली औरत है, हौ ही बोलेगी. भले आदमी से पूछके क्या फायदा?" अन् वर म्हणालीस, "रोते आदमी कू सब मीठा लगता. उस दिन का कुछ पकड नक्को." म्हणजे विचारायचं बी न्हाई अन् विसरायचं बी न्हाई. तुझ्यापुढं डोकं फोडून घ्यावं असं वाटायचं मला.

शेवटचे दिवस मी सांगत न्हाई, तुला माहीत आहेत. एकच सांगते. दवाखान्यातून घरी आणल्यावर तू छताकडं बघत म्हणालीस, "मेरे कू एक बार उसकी माँ के हाथ की खानी थी रे शांते." मी तुझे पाय चेपत होते. तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की तू जन्मात कधी ती खाल्लीच नव्हतीस. जे कधी चाखलं न्हाई, कधी बघितलं न्हाई, ते तू एका रडणाऱ्या बाईच्या हातवाऱ्यांवरून बनवलंस अन् मंग रोज बनवत राह्यलीस. अन् रोज मनातल्या मनात एका अशा माणसाला विचारत राह्यलीस, जे मार्ता पायरीवर बसायच्या आधीच जगातून गेल्तं. कुठून आणलीस एवढी ताकद आपा? मी तर नुसतं पाण्याचा हात फिरवू नको म्हणून भांडत बसले.

तुझ्या जियारतीहून, तिसऱ्या दिवसाच्या दुवेहून, मी घरी आले अन् भिंतीकडं तोंड करून पडले. प्रज्ञानं मला न विचारता मार्ताला कळवलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. कळवळ्याचे शब्द त्यात नव्हतेच. एवढंच होतं, "शांताला म्हणावं आज मका चुन्यात शिजवून ठेव. उद्या संध्याकाळी मी फोन करते." मला राग आला. मी म्हणलं, मला काय गाडा लावायचाय? पण ज्या बाईनं मला चुन्याच्या डबीसाठी मिठी मारली तिचं मोडवेना. मका शिजवला. रडत रडत चोळला. सालं तरंगत वर आली तेव्हा तुझ्यासारखं सुभानअल्लाह म्हणायला कुणी नव्हतं, म्हणून मीच म्हणलं.

संध्याकाळी फोन आला. आपल्याकडं दिवेलागण, तिच्याकडं सकाळ. केस पांढरे झाले तिचे बी. माझ्याकडं बघून तिनं छातीवर हात ठेवला, मंग फोन कुठंतरी टेकवून ठेवला अन् कामाला लागली. गोळा घेतला. टप टप टप. प्रज्ञा तिचं इंग्रजी मला मराठीत सांगत म्हणाली, "आई, त्या म्हणतात, आज माझे हात इतक्या लांब पोचत न्हाईत. मी जे करीन ते तू कर, शांताला माझ्याकडून वाढ." अन् माझी सून पदर खोचून आमच्या गॅसपाशी बसली. तिनं जन्मात कधी कडक थापली न्हाई. मार्ता तिकडं थापती, ही इकडं. एक वाटोळी, एक वाकडी.

मी फोनच्या अगदी जवळ सरकले. आता कळणार होतं. तिचं घर, तिचा तवा, तिच्या आईची रीत. आता कुणी भलेपणानं हौ म्हणणार न्हाई, कुणी रडत न्हाई. तुला माती देऊन आठवडा बी झाला नव्हता अन् मी अजून आपलं भांडण जिंकायला बसले होते, अशी मी!

मार्तानं चकती तव्यावर टाकली. अन् तव्याकडं न बघता, दुसरंच काहीतरी बोलत बोलत, तिचा हात बाजूला गेला. तिथं वाटी होती. तिनं हात बुडवला. चार बोटं, कडेकडेनं, मंग मधी. अन् उरलेलं पाणी बोटांनी झटकलं. फोनमधून चर्र असा आवाज आला.

माझ्या पायावर थेंब आल्यासारखे वाटले.

मी ओरडले, "प्रज्ञा, विचार तिला! तिची आई फिरवायची का पाण्याचा हात? विचार जल्दी." प्रज्ञानं विचारलं. मार्ताला आधी कळेना मी कशाबद्दल बोलून राह्यले. मंग तिनं स्वतःच्या ओल्या हाताकडं बघितलं. बघतच राह्यली. प्रज्ञा मला सांगत होती, सांगताना तिचा बी आवाज बदलला. "त्या म्हणतात, न्हाई, आईचा हात कोरडा असायचा. हे आपाचं आहे. म्हणतात, परत आल्यापासून माझ्या हातून असंच होतं. माझी लेक बी असंच करती. गल्लीत लोक विचारतात, तुमच्या चकतीला हे फोड कसे? आईचा हात कसा चालायचा ते मला आठवतं, पण माझ्या हाताला आता आपाचंच येतं."

ऐकलंस आपा? तू इथं जन्मभर झुरत राह्यलीस की माझी तिच्यासारखी झाली का. अन् तिकडं समुद्रापलीकडं, त्या चिंचोळ्या पट्टीवर, जिच्या आईची ती चीज, तीच रोज सकाळी ज्वारीच्या भाकरीचा हात फिरवून राह्यली. हसनाबादच्या चुलीवरचा हात! तुझ्या आईनं तुला दिलेला. मला हसू आलं अन् हुंदका आला, दोन्ही एकदम आले, मला काय करावं सुचेना.

प्रज्ञानं वाटीत हात बुडवला, तिनं बी फिरवला. झटकला न्हाई, घरची फरशी ओली होईल म्हणून. मी म्हणलं, झटक. तिनं झटकलं.

मंग तळली. राजमा माखला, वरून खारं पनीर चुरलं. कडा फाटलेल्या, एका बाजूनं जरा जास्तच लाल झालेली. ताट माझ्यापुढं ठेवून प्रज्ञा म्हणाली, "आई, हे मी वाढलेलं न्हाई. त्यांनी दिलंय." फोनमधी मार्ता खाली बसली. स्टुलावर न्हाई, उकिडवी, तू बसल्तीस तशी. मी मोडून तुकडा तोंडात घातला. फोड फुटला अन् कुरकुरीत आवाज झाला. पाच दिवसांत पहिला घास.

मार्तानं दोन्ही हात पसरले. एवढ्या वर्षांत आपल्या भाषेतला तिच्याकडं राह्यलेला एकच शब्द तिनं मला विचारला. "बराबर?"

मी तोंड उघडलं, पण घास होता, ना हो निघंना, ना न्हाई निघंना. मी नुसती मान खाली घालून खात राह्यले. चुरा बी बोटानं टिपून खाल्ला. ती तशीच बघत बसली होती. अन् आपा, तेव्हा मला कळलं, त्या दिवशी बंगल्याच्या पायरीवर ती काही का बोलली न्हाई.

बराबर होती, आपा. पहिल्या दिवसापासून बराबर होती.